एकतीस वर्षं बंद दाराशी

माझे धाकटे दीर एकतीस वर्षं एका राजाच्या दारात भाला घेऊन उभे होते. अडीच तासांच्या नाटकात त्यांना वाक्य एकच: "महाराज, दार कोणीतरी ठोठावतंय." ते बोलून झालं की पुन्हा मुकाट्यानं उभं राहायचं. आमच्या घरात मी त्यांना भाऊजी म्हणते, पण नाटकमंडळीत त्यांचं नाव भालदारच पडलं होतं. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं.

नाटकाची गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. नाटक फार जुनं आहे, आणि शेवटी सगळे मरतात म्हणून त्याला थोर म्हणतात. एक हलक्या कानाचा राजा असतो. प्रधानाच्या चहाड्या ऐकून तो थोरल्या मुलाला राज्याबाहेर घालवतो. पुढे शत्रू चालून येतो. तेव्हा तोच मुलगा बापाला सावध करायला धापा टाकत येतो आणि राजवाड्याचं दार ठोठावतो. द्वारपाल राजाला तसं सांगतो. राजा म्हणतो, "उघडू नका!" मुलगा दाराबाहेर बाण लागून मरतो, राणी बुरुजावरून उडी टाकते, राजाला दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळतं आणि त्याला वेड लागतं. पडदा पडतो, लोक रुमाल काढतात. मला विचाराल तर त्या माणसाला वेड लागायला इतका उशीर का झाला, एवढाच प्रश्न आहे.

आमच्याकडची हौशी मंडळी हे नाटक दर वर्षी दोन महिने करतात. भाऊजी त्यात शिरले ते अपघातानंच. ते चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत. तेव्हाच्या राजाचा चष्मा द्यायला म्हणून नाट्यगृहात गेले, तर तिथे रडारड चाललेली. द्वारपालाला गालफुगी झालेली, आणि प्रयोग दोन तासांवर. कपडेवाल्या बाईंनी भाऊजींना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अंगरखा त्यांच्या खांद्याला लावला. बसला. बस्स, तेवढ्यावर एकतीस वर्षं निघाली. गालफुगी बरी झाली तेव्हा तो मूळचा द्वारपाल परत आला होता, पण तोवर राजानं सांगून टाकलं होतं, "हाच राहू दे. हा मध्ये येत नाही."

मध्ये न येणं हा भाऊजींचा स्वभावच होता. दुकानात पुढे बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला मालक त्यांना कितीदा म्हणाला, पण हे आपले मागच्या खोलीत चक्रापाशी. भिंग चांगलं घासलं की डोळ्यांसमोरून नाहीसं होतं, असं म्हणायचे. माझ्या यजमानांचा, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाचा, स्वभाव बरोबर उलटा. ते खोलीत आले की आधी त्यांचा आवाज यायचा. एका आईच्या पोटी हे असे दोन कसे निघाले, हे सासूबाईंनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

तर भाऊजींनी त्या उभं राहण्याचं शास्त्र केलं. नुसतं उभं राहणं कोणालाही येतं असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी मला स्वयंपाकघरात लाटणं धरून उभं केलं आणि दोन मिनिटांत माझ्या अठरा चुका दाखवल्या. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. हनुवटी किंचित खाली. पापणी राणीच्या रडण्यात हलवायची नाही. श्वास घ्यायचा तो दुसऱ्याच्या वाक्यात, शांततेत नाही, नाहीतर छाती हलते आणि पहिल्या रांगेतल्या माणसाचं लक्ष जातं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डोळे राजावर.

"भालदार बघतो तिकडे लोक बघतात, वहिनी," ते म्हणायचे. "मी राजाकडे बघायचं थांबलो ना, की लोक खुर्चीत चुळबुळ करायला लागतात."

"आणि त्यांनी तुमच्याकडे बघितलं तर?"

"तर माझं चुकलं."

समाधानी माणसं मला एरवी सहन होत नाहीत. बहुतेकांचं समाधान म्हणजे आळस असतो. भाऊजींचं तसं नव्हतं, म्हणून आमचं जमलं. माझी जाऊ मात्र वैतागायची. लग्नानंतर तिनं पहिला प्रयोग पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही होतात कुठे?" यांना वाटलं, बायको कौतुक करतेय. हे खूश!

असं चाललं होतं. मग दुकान सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, सदुसष्टावं लागलं. आणि एके दिवशी दुपारी एक केस कापलेली, खांद्याला पिशवी अडकवलेली मुलगी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. मी तिथेच होते. म्हणाली, "द्वारपालाचं काम करणारे काका इथेच राहतात ना?"

ही मुलगी चित्रपट करणार होती. पहिलाच. तिची गोष्ट अशी की, ती नऊ वर्षांची असताना शाळेनं सगळ्या मुलांना हे नाटक दाखवायला नेलं होतं. तिच्या वाट्याला नेमकी खांबामागची खुर्ची आली. खांबानं राजा झाकलेला, राणी झाकलेली, सिंहासन झाकलेलं. दिसत होता तो एकटा द्वारपाल.

"मी अडीच तास तुम्हालाच बघत होते, काका," ती म्हणाली. "आवाज राजाचा यायचा आणि चेहरा तुमचा दिसायचा. मला वाटलं, नाटक द्वारपालाचंच आहे. शेवटी मी एवढी रडले की बाईंनी मला बाहेर नेलं."

जावेनं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि ती भाऊजींकडे अशी बघायला लागली, जणू हा माणूस आजच घरात आलाय. भाऊजी मात्र पांढरेफटक पडले. ती गेल्यावर मला हळूच म्हणाले, "वहिनी, नऊ वर्षांच्या पोरीला मी दिसलो. कुठेतरी चुकलंच असणार."

मी कपाळावर हात मारून घेतला.

चित्रपट विनोदी होता. तेच नाटक, पण नोकरांच्या बाजूनं. वरच्या मजल्यावर राजा-राणी आक्रोश करतायत आणि खाली आचारी म्हणतोय, "म्हणजे आज पण जेवणार नाहीत." राणीची धोबीण वैतागलीय, कारण जो तो अंगावरची वस्त्रं टराटरा फाडतो आणि ती शिवायला तिच्याकडे येतात. राजाच्या मोठमोठ्या स्वगतांचे तुकडे छतातून ऐकू येतात आणि खाली लसूण सोलणं चालू असतं. चित्रपटभर राजा फक्त गुडघ्यापर्यंत दिसायचा. आणि मुख्य माणूस द्वारपाल. तोच तो प्रसंग येतो, दार वाजतं, राजा ओरडतो, "उघडू नका!" आणि पाठ फिरवून लांबलचक स्वगत सुरू करतो. द्वारपाल थोडा वेळ ऐकतो, आणि मग गुपचूप जाऊन दार उघडतो. मुलगा आत येतो. झालं, शोकांतिका संपली. पण राजाला मध्येच थांबवून ते सांगायचं कोणी? म्हणून तो पुढे दोन दिवस उगाचच शोक करत बसतो.

मला गोष्ट आवडली. एवढी वर्षं मनात होतं ते कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. पण भाऊजींनी लगेच हो म्हटलं याचं मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, तर म्हणाले, "त्यात दार उघडतो, वहिनी."

"कोण?"

"मी."

एवढंच बोलले, पण कान लाल झाले होते. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस एकतीस वर्षं, वर्षाला पंधरा-वीस वेळा, त्या दाराशी उभा राहून बाहेर पोराचा जीव जाताना ऐकत होता. सांगायचं आणि गप्प बसायचं. कधी बोलला नाही. विचारलंही कोणी नाही, मी धरून.

चित्रीकरण बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात होतं. जावेला गर्दीत डोकं धरतं, म्हणून भाऊजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या सांभाळायला मी गेले. मोठी शेड, तिथे प्लायवूडचा राजवाडा. दार मात्र खरं. जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेलं, जाड लाकडाचं, लोखंडी अडसराचं. नाटकातलं दार कापडावर रंगवलेलं होतं. भाऊजींनी या दारावरून एकदा तळहात फिरवला आणि सुताराला विचारलं, "उघडतं ना नीट?" सुतार म्हणाला, "दोन हात लावा, मग उघडतं."

राजाच्या कामाला नाटकातलाच राजा होता. गेली बावीस वर्षं तोच, आणि नाटकाबाहेरही सगळे त्याला महाराजच म्हणत. उंच, भरदार, आवाज असा की चहा मागितला तरी फर्मान वाटावं. त्याला सांगितलेलं होतं की तुम्ही गुडघ्यापर्यंतच दिसणार. तरी पठ्ठ्या चेहरा रंगवून, मुकुट घालून आला.

"महाराज, नुसते जोडे दिसणार आहेत," ती मुलगी म्हणाली.

"मुकुटाशिवाय जोडे तसे पडत नाहीत," महाराज म्हणाले.

पहिले तीन दिवस किरकोळ प्रसंग झाले, जिने उतरणं, कणीक मळणं वगैरे, आणि ते निभावले. चौथ्या दिवशी दाराचा प्रसंग लागला आणि सगळं अडलं.

घडत होतं ते असं. महाराजांचे जोडे आत आले, की भाऊजी अर्धं पाऊल मागे सरायचे. नेमके सावलीत. मुलगी ओरडायची, "काका, उजेडात!" ते उजेडात यायचे. पुन्हा जोडे आले, की पुन्हा अर्धं पाऊल मागे. कॅमेऱ्यात फक्त त्यांचा खांदा आणि भाल्याचं टोक. जमिनीवर खडूनं खूण केली. खुणेवर पाय राहिले, पण अंग असं काही फिरलं की तोंड दिसेना. आणि डोळे वर, राजाच्या चेहऱ्यावर, जो कॅमेऱ्यात नव्हताच. बघणाऱ्याला वाटावं, वर छताला काहीतरी लटकतंय. दारापर्यंत गोष्ट जाईचना. त्याच्या आधीच ती "थांबा" म्हणायची.

"असं करू," ती म्हणाली, "महाराज, तुम्ही जरा बाहेर बसा. आपण नुसते जोडे ठेवू."

महाराजांनी जोडे काढले. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं, पण ऐट तीच. रिकामे जोडे खुणेवर ठेवले. कॅमेरा सुरू झाला. आणि भाऊजींनी त्या रिकाम्या जोड्यांकडे असं काही आदरानं पाहिलं आणि अर्धं पाऊल मागे सरले, की सगळी शेड हसली. मीही हसले. हसायला नको होतं.

सव्विसाव्या वेळेनंतर मुलगी त्यांच्यापाशी येऊन बसली. वाईट मुलगी नव्हती. म्हणाली, "काका, माझ्याकडे हे दार उद्या दुपारपर्यंतच आहे. मग सेट मोडायचाय. उद्या सकाळी जमलं नाही, तर मी आचाऱ्याला दार उघडायला लावीन. द्वारपाल तुम्हीच राहाल. फक्त दार तो उघडेल."

आचाऱ्याचं काम करणारा विनोदी नट होता, ढेरपोट्या, धंद्यातला मुरलेला. तो तिथेच होता. म्हणाला, "मी आताच उघडून दाखवतो. ढेरीनं उघडतो!" आणि खरंच त्यानं पोटानं दार ढकलल्याचं सोंग केलं. लोक पुन्हा हसले. भाऊजी म्हणाले, "छान करतात," आणि भाला तिथल्या कपडेवाल्या बाईंकडे देऊन घरी निघाले.

संध्याकाळी चहाला जावेकडेच बसलो. भाऊजी बिस्कीट चहात बुडवून तसेच धरून बसलेले, ते विरघळून पडलं तरी यांना पत्ता नाही. जावेला काही सांगितलं नव्हतं, पण ती काय आंधळी आहे?

"जमत नसेल तर सोडा ना," ती म्हणाली. "आपल्याला काय कमी आहे?"

"कमी काही नाही गं."

"मग?"

"त्या आचाऱ्यानं उघडलं तर लोक हसतील," भाऊजी म्हणाले. "चांगलंच आहे, विनोदी सिनेमा आहे. पण त्याला ठाऊक नाही बाहेर कोण आहे ते. त्याच्या लेखी ते नुसतं दार आहे."

 जावेनं कप उचलला, नवा चहा आणून ठेवला.  मी म्हटलं, "भाऊजी, मला एक सांगा. तुम्ही राजाकडे बघता म्हणून लोक राजाकडे बघतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग आता तुमच्याकडे कोण बघतंय?"

"कॅमेरा."

"कॅमेरा डबा आहे. माणूस कोण?"

मी हे काही फार विचार करून म्हटलं नव्हतं. वाद घालायचा म्हणून म्हटलं होतं. पण भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं, आणि चहा एका घोटात संपवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये शिरल्या शिरल्या ते सरळ महाराजांसमोर जाऊन उभे राहिले. एकतीस वर्षांत प्रथमच, माझ्या माहितीप्रमाणे, नाटकाबाहेरचं काहीतरी ते स्वतःहून राजाशी बोलले.

"महाराज, एक विनंती आहे. आज तुम्ही माझ्याकडे बघाल का?"

"म्हणजे?"

"मी तुमच्याकडे बघतो तसं. तुमचं स्वगत मागाहून आवाजात घालता येतं म्हणतात. तेव्हा तुम्ही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि बघायचं."

महाराजांनी मुकुट सारखा केला. मला वाटलं, आता होतो स्फोट. पण ते म्हणाले, "त्यात काय! बघतो की." आणि त्यांनी बघितलं. बापरे! भुवया कपाळात, नाकपुड्या फुललेल्या, एक हात छातीवर.

"नाही, महाराज. तुमच्या भुवया बघतायत. तुम्ही नाही."

"मग काय करू?"

"वजन दोन्ही पायांवर घ्या. हात खाली. हनुवटी जरा खाली. अजून. आता काही करू नका."

"हे काहीच न करणं कसं करायचं?" महाराज खरोखर गोंधळले होते.

"माझं काय होतंय त्याची काळजी करा. तेवढंच करा."

अर्धा तास हा वर्ग चालला. महाराजांना खोकला आला, नाकाला खाज सुटली, गुडघा भरून आला. एकदा तर त्यांनी नकळत स्वगताची पहिली ओळ सुरू केली आणि जीभ चावली. सगळे कामधाम सोडून बघत होते. ढेरपोट्यासुद्धा. शेवटी महाराज घाम पुसत म्हणाले, "हे फार अवघड आहे हो, भालदार."

"हो. पहिली चार-पाच वर्षं जातं अवघड," भाऊजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. ते महाराजांना धीर देत होते.

मुलीनं घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून गेले होते. तिनं हात वर केला, सगळे आपापल्या जागी गेले. दाराबाहेर राजपुत्राचं काम करणारा तरुण सकाळपासून अंगाला खोटं रक्त लावून बसला होता. त्याला सांगितलेलं होतं की तुझा फक्त हात दिसेल. तो उठून दारापाशी गेला.

कॅमेरा सुरू झाला. जोडे आत आले. भाऊजी खुणेवर. मी श्वास रोखून धरला, त्यांच्या भाषेत नेमका नको तेव्हा. महाराज उभे राहिले, आणि त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. खरंच नुसतं पाहिलं. मग शेजारच्या दिवेवाल्यानं पाहिलं, कपडेवाल्या बाईंनी पाहिलं, माझेही डोळे तिथेच गेले. भाऊजींचा पाय मागे सरायला हलला, हे मला दिसलं. टाच उचलली गेली. आणि ती पुन्हा जागच्या जागी टेकली.

दार वाजलं.

"महाराज," भाऊजी म्हणाले, "दार कोणीतरी ठोठावतंय."

तेच वाक्य. पण ते वाक्य म्हणणाऱ्याला दार उघडावंसं वाटतंय, हे मी शप्पथ पहिल्यांदा ऐकलं.

महाराजांनी मान नकारार्थी हलवली. बोलायचं नव्हतं ना! भाऊजी थोडे थांबले. मग वळले आणि दाराकडे गेले. दारापाशी पोचले आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. दाराला दोन हात हवेत, आणि एका हातात भाला. भाला भिंतीला टेकवायचा असं ठरलेलं होतं. पण द्वारपालानं भाला कधी सोडायचा नसतो, तो कोणाच्या तरी हातात असलाच पाहिजे. हे काही त्यांनी तेव्हा आठवलं नसेल, हाताच्या हाडांत मुरलेलं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, भाल्याकडे पाहिलं, दार पुन्हा वाजलं. आणि ते चार पावलं परत आले आणि महाराजांना म्हणाले,

"जरा धरा हो."

महाराजांनी भाला धरला. बावीस वर्षं प्रजेला फर्मानं सोडणारा माणूस, पण निमूटपणे धरला. हनुवटी आपोआप जरा खाली गेली.

भाऊजींनी दोन्ही हातांनी अडसर ओढला, खांदा लावला आणि दार उघडलं. बाहेर तो रक्तानं माखलेला पोरगा वाजवायला हात वर करून तसाच उभा. आपण दिसणार हे त्याला माहीतच नव्हतं. कोणी "थांबा" म्हणेना. ती मुलगी म्हणायला विसरली होती.

भाऊजी म्हणाले, "ये रे बाबा, आत ये. किती वेळचा उभा आहेस."

हे वाक्य कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पोरगा आत आला. काय बोलावं त्याला सुचेना. म्हणाला, "प्यायला पाणी आहे का?" त्याला खरंच तहान लागली असावी. भाऊजींनी आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "अरे, पाणी आण बघू!" आणि तो ढेरपोट्या आचारी, शहाणा नट, एका क्षणात लसणाच्या टरफलांसकट पाण्याचं भांडं घेऊन हजर झाला. भाऊजींनी दार नीट लावून घेतलं, अडसर घातला, खात्री करून घेतली. मग कुठे मुलीच्या तोंडातून आवाज फुटला.

शेडमध्ये टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. भाऊजी पोराला विचारत होते, "लागलं नाही ना कुठे?" ते रक्त खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. तरी विचारत होते.

चित्रपटात तो सगळा प्रसंग जसाच्या तसा आहे, फक्त वरून राजाचं स्वगत चालूच राहतं. "जरा धरा हो"ला थिएटर कोसळतं. जाऊ चार वेळा पाहून आली. पाचव्या वेळी शेजारणीला घेऊन गेली आणि म्हणे, ऐन वेळी तिच्या मांडीवर फटका मारून मोठ्यांदा म्हणाली, "आता बघा हं, आमचे हे उघडतात." महाराज आता स्वतःच्या जोड्यांची स्तुती ऐकून घेतात आणि भाल्याचा विषय निघाला की म्हणतात, ती कल्पना दोघांची होती. असू दे.

पुढच्या मोसमात मंडळींनी मूळ नाटकासाठी निरोप धाडला. मला वाटलं, भाऊजी जातील. त्यांनी अंगरखा धुऊन, घडी करून परत पाठवला आणि कळवलं, "दुसरं कोणीतरी बघा. दार बंद ठेवणं आता माझ्याच्यानं होणार नाही."

"मग दोन महिने काय करणार?" मी विचारलं.

"बघायला जाऊ," ते म्हणाले. "बुरूज माझ्या पाठीमागे असायचा. राणी उडी टाकते ती कशी, हे मी एकदाही पाहिलेलं नाही."

तिघं गेलो. सातवी रांग, मधल्या खुर्च्या. नवा भालदार पोस्टातला होता, सारखा पाय बदलत होता, पण भाऊजींनी त्याला नावं ठेवली नाहीत. दार वाजलं तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि जावेनं त्यांचं मनगट. राजा गरजला, "उघडू नका!" हे बसून राहिले. राणीनं उडी टाकली. माझी जाऊ हुंदके देत होती, अख्खं सभागृह नाक ओढत होतं. भाऊजी माझ्याकडे झुकले आणि कुजबुजले,

"एवढी कसली घाई होती हो बाईंना? खाली येऊन एकदा विचारायचं तरी!"